कापसाच्या बोंडापासून अमेरिकेच्या यादवीपर्यंत: इतिहासाचे दोन तास

१९व्या शतकातली अमेरिका शिकवताना फळ्यावर दोन याद्या पडतात. एकीकडे सुधारक, दुसरीकडे उत्तर-दक्षिण वाद. मुलं दोन्ही पाठ करतात, पण यादवी युद्ध (१८६१-६५) का पेटलं हे त्यांना सांगता येत नाही. या दोन्हींना बांधणारा धागा कापसाचा आहे. जळगाव-धुळ्याच्या वर्गात कापूस म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, तेव्हा तिथूनच सुरुवात करा.

सरकीसकट कापूस आणा, गटागटाला मूठभर द्या आणि १० मिनिटं हाताने सरकी काढायला लावा. रुई चिमूटभरच निघेल. अमेरिकेच्या दक्षिणेत आखूड धाग्याच्या कापसाची सरकी अशीच चिकट. दिवसभर राबून एका माणसाच्या हातून सुमारे १ पौंड रुई निघे. १७९३ साली एली व्हिटनीने जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, बनवलं आणि तेच काम सुमारे ५० पौंडांवर गेलं. इथे थांबून विचारा: मग गुलामांची गरज कमी झाली का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. झालं उलटंच. सरकी काढणं स्वस्त झालं म्हणून लागवड पसरली, आणि वेचणी मात्र हातानेच राहिली. १७९० साली सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० साली जवळपास ४० लाख. वेचणीला मजूर मिळेना म्हणून घरात चाललेली ओढाताण पाहिलेल्या मुलांना हे चटकन उमगतं.

आता फळ्यावर नकाशा काढा. ३६°३०′ अक्षांशाची रेघ खडूनेच मारा. १८२०च्या मिसूरी तडजोडीने लुइझियाना खरेदीच्या (१८०३ साली फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखाच्या) उरलेल्या प्रदेशात या रेघेच्या उत्तरेला गुलामी बंद केली. मिसूरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त, म्हणजे दोन्हीकडची राज्यं १२-१२ आणि सिनेटात बरोबरी. मुलं हमखास इथे अडखळतात, कारण मिसूरी स्वतः रेघेच्या वर आहे. ‘तो अपवाद’ असं नकाशावर लिहूनच ठेवा. उत्तर-दक्षिणेची सीमा म्हणून जिचं नाव घेतात ती मेसन-डिक्सन रेघ वेगळी, ती पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडची सीमा. गुलामी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोडणाऱ्या १८५४च्या कान्सास-नेब्रास्का कायद्यापाशी आलात की ३६°३०′ची रेघ वर्गासमोर पुसून टाका. तडजोड कशी मोडली ते त्या एका कृतीने कळतं.

सुधारकांसाठी वेगळा तक्ता नको, याच नकाशावर त्यांना बसवा. १८३१ साली बोस्टनहून गुलामीविरोधी कार्यकर्ता विल्यम लॉइड गॅरिसनचं ‘लिबरेटर’ हे वृत्तपत्र निघालं. १८३५ साली चार्ल्सटनमध्ये गुलामीविरोधी टपाल जाळलं गेलं. १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधीगृहाने गुलामीविरोधी अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम पाळला. १८४० साली लंडनच्या गुलामीविरोधी परिषदेत महिला प्रतिनिधींना सहभाग नाकारला गेला. त्या अपमानाचा माग १८४८च्या सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेपर्यंत जातो. तिथल्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या, त्यांत गुलामीतून निसटलेला कार्यकर्ता फ्रेडरिक डग्लसही होता. दारूबंदी आणि शाळासुधारणा दोन-चार वाक्यांत उरका.

‘उत्तर म्हणजे गुलामीविरोधी’ हा समज तोडलाच पाहिजे. बोस्टनच्याच जमावाने १८३५ साली गॅरिसनला दोर बांधून रस्त्यातून ओढलं होतं. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेचाच. गुलामी असलेली चार राज्यं, डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी, युद्धात संघराज्यातच राहिली. राष्ट्राध्यक्ष लिंकनची १८६३ची मुक्तीघोषणा बंडखोर भागांपुरतीच होती, म्हणूनच ती त्यांना लागू नव्हती. देशभर गुलामी संपली ती १८६५च्या १३व्या घटनादुरुस्तीने.

खानदेशाचा भाग शेवटीच घ्या, नाहीतर चर्चा भावावरच अडकते. युद्धात दक्षिणेची बंदरं रोखली गेली, इंग्लंडमधलं गिरण्यांचं लँकेशायर मुंबईकडे वळलं, आपल्याकडचे कापसाचे भाव चढले आणि १८६५ साली कोसळले. जोतीराव फुल्यांनी १८७३ची ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका एका मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मुक्तीची तीन कारणं नकाशावर बोट ठेवून सांगायला लावा.