वेब सेवा जोडताना या चुका टाळा

विदर्भातल्या एका खेड्यात राहून मी वेब सेवांच्या, म्हणजे दोन प्रोग्रॅमना इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करू देणाऱ्या सेवांच्या, मानकांचा अभ्यास करतो आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांचे काम जवळून पाहतो. त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच दिसते : दोन टोकांना बसलेल्या आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांमध्ये काय ठरले आहे, ते कोठेच लिहिलेले नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा घेणे. कापूस खरेदीच्या टोकनसाठी शेतकऱ्याने मोबाइलवरून नोंदणी केली, सर्व्हरने ती लिहूनही घेतली, पण पोच परत येण्यापूर्वी टॉवरची वीज गेली, तर ॲप तीच विनंती पुन्हा पाठवते आणि एका शेतकऱ्याच्या नावावर दोन टोकने चढतात. पुट (ठरावीक जागी माहिती ठेवणारी) किंवा डिलीट (माहिती पुसणारी) विनंती कितीही वेळा पाठवली तरी तिचा अपेक्षित परिणाम एकदा पाठवल्याइतकाच असला पाहिजे, असे एचटीटीपीचे (वेबवर विनंती-उत्तर पाठवण्याच्या नियमांचे) मानक, म्हणजे २०२२ मधील आरएफसी ९११०, स्पष्ट सांगते. नवी नोंद पाठवणाऱ्या पोस्ट विनंतीला मात्र अशी कोणतीही हमी नाही. म्हणून नोंदणी पाठवण्याआधी ॲपनेच तिला एक अद्वितीय क्रमांक द्यावा, प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच क्रमांक वापरावा, आणि तो दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. याची चाचणी कार्यालयातल्या वायफायवर होत नाही. विनंती पाठवताच मोबाइलचा डेटा बंद करून, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पाहावे. भारनियमनाच्या गावात ही परिस्थिती रोजची असल्यामुळे ही चाचणी येथे जितकी प्रामाणिकपणे होते तितकी शहरात क्वचितच होत असेल.

त्रुटी आली तरी २०० हा यशाचा संकेत पाठवून मजकुरात ‘नोंद सापडली नाही’ असे लिहिणे, ही याच चुकीची बहीण आहे. नोंद नसेल तर ४०४, आधीच्या नोंदीशी विरोध असेल तर ४०९ आणि सेवा तात्पुरती बंद असेल तर ५०३ पाठवावा. पुन्हा प्रयत्न करावा की थांबावे, हे समोरचा प्रोग्रॅम या संकेतावरूनच ठरवतो.

जे अंकांत लिहिले जाते ते सर्व संख्या मानणे हीदेखील नेहमीची चूक आहे. बँक खात्याच्या सुरुवातीचे शून्य संख्या म्हणून साठवताच गळून पडते, आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या पूर्णांकापुढे अचूकतेची खात्री राहत नाही, त्यामुळे लांब खाते क्रमांकाचे शेवटचे अंक बदलू शकतात. सातबाऱ्यावरील १२/१ हा गट क्रमांक एक्सेलमध्ये उघडला की त्याची तारीख होते. ज्यांची बेरीज कोणी करणार नाही ते सर्व क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवावेत. क्षेत्राची मात्र बेरीज होते, म्हणून त्याच्यासोबत एकक पाठवावे : सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, शेतकरी एकरात बोलतो, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर.

नावांच्या बाबतीत आपली अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी यूनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातील स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; शोध घेताना मात्र ती दोन वेगळी नावे ठरतात, आणि यादीत असूनही शेतकरी ‘सापडत नाही’. यूनिकोडचे प्रमाणित एकरूपीकरण केले तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यामुळे नोंद स्वीकारतानाच दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारा नियम लिहावा लागतो आणि तो दोन्ही टोकांमधील लेखी करारात नमूद करावा लागतो. शिवाय यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नावाच्या रकान्याला ५० बाइटची मर्यादा असेल तर १६ चिन्हे मावतात आणि सतरावे मध्येच तुटते. मर्यादा चिन्हांत मोजावी, आणि तीही काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र धरून.

वेळेच्या बाबतीत एवढेच पुरे की, कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे ते (वेळ-विभाग) न लिहिलेली वेळ पाठवू नये. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी जागतिक वेळेत आदल्या दिवशीच्या ठरतात, आणि खरेदीचा पहिला दिवस असेल तर एवढ्यावरून अर्ज बाद होऊ शकतो.

आता करार. २००० नंतरच्या काही वर्षांत सोप (सेवांमधील निरोपांचा साचा) आणि डब्ल्यूएसडीएल (सेवेचे वर्णन लिहिण्याची भाषा) यांच्याभोवती इतकी मानके रचली गेली की, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेवा एकमेकींशी जुळाव्यात यासाठी २००२ मध्ये डब्ल्यूएस-आय ही स्वतंत्र संघटना काढावी लागली. सेवांची सार्वजनिक यूडीडीआय नोंदवही तर २००६ मध्ये बंदच झाली. त्या पसाऱ्याला कंटाळून अनेकांनी ‘जेसन (माहिती लिहिण्याचा साधा साचा) आहे, करार कशाला’ असा निष्कर्ष काढला, आणि तो माझ्या मते साफ चुकीचा आहे. यंत्राला वाचता येईल असा सेवेचा लेखी करार असावा, हा डब्ल्यूएसडीएलचा गाभा योग्यच होता आणि आज तो ओपनएपीआय या वर्णनपद्धतीच्या रूपाने टिकून आहे. आधी तो करार लिहावा, दोन्ही बाजूंनी वाचावा, मगच कोड लिहायला बसावे.

कामाच्या रोजच्या पद्धतीतही हेच लागू होते. कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांची उन्हाळ्यात सकाळी नऊला सुरू होणारी बैठक आपल्याकडे रात्री साडेनऊला भरते, आणि तेवढ्यात नेटवर्क गेले तर आपले मत नोंदले जात नाही. त्यासाठी मुद्दे बैठकीपूर्वीच लिहून पाठवावेत. फोनवर ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी करारात घालून आवृत्ती क्रमांक वाढवावा, जुनी आवृत्ती कधी बंद होणार तेही लिहावे, आणि ती तारीख तुरीच्या किंवा कापसाच्या हंगामात येऊ देऊ नये.