कमी पैशांत सूडपट: मारामाऱ्या कमी लिहा, प्रत्येकीला वेळ द्या

हातात पैसा नसलेल्या दिग्दर्शकाला सूडपट परवडतो, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. नायकाला काय हवंय ते एका वाक्यात सांगून होतं. अमक्याने माझ्या भावाला मारलं, मी त्याला सोडणार नाही. एवढं कळलं की प्रेक्षक दीड तास थांबायला तयार असतो. नामवंत नट, परदेशातलं गाणं, भव्य सेट यांपैकी काहीही नसलं तरी चालतं, कारण त्याला फक्त बाकी राहिलेला हिशेब चुकता होताना बघायचा असतो. स्वस्तातले बहुतेक सूडपट फसतात तेही याच सोपेपणामुळे. गोष्टीला मेहनत लागत नाही असं वाटून सगळा जोर हाणामारीवर जातो, तुटपुंज्या पैशांत आठ मारामाऱ्या लिहिल्या जातात आणि आठही सारख्याच भुक्कड दिसतात.

आधी गणित मांडा. दीड मिनिटाच्या मारामारीत साधारण ४० शॉट असतात. मारामारीच्या प्रत्येक शॉटला जागा आखणं, दोनदा हळू सराव, टेक, कपडे-केस पुन्हा जागेवर आणणं असं करत २० ते ३० मिनिटं जातात. १२ तासांच्या एका शिफ्टमध्ये नवख्या युनिटचे २० ते २५ शॉट झाले तर खूप. म्हणजे दीड मिनिटाला जवळजवळ दोन शिफ्ट. आठ मारामाऱ्यांना १६ शिफ्ट लागतील. तुमच्याकडे असतात चार. मग प्रत्येकीला अर्धा दिवस मिळतो आणि मास्टर शॉट (सगळी मारामारी एकाच जागेवरून दाखवणारा लांबचा शॉट) घेऊन बाकीचं एडिटवर ढकललं जातं.

९० मिनिटांच्या चित्रपटाला तीन मारामाऱ्या आणि एक पायी पाठलाग पुरतो. वीस मिनिटांच्या लघुपटात एकच मोठी झटापट ठेवा, आणि हवी तर आणखी एक, सुरू होता होताच संपणारी. ती दुसरी बऱ्याचदा जास्त गाजते.

लिहिताना

अन्याय पहिल्या १२ ते १५ मिनिटांत व्हायला हवा, हा नेहमीचा सल्ला. तो बरोबर आहे, पण त्यातूनच या प्रकाराचा सर्वांत मोठा दोष जन्माला येतो. बायको किंवा बहीण चार मिनिटं हसते, मरते आणि भिंतीवर हार घातलेला फोटो होऊन बसते. तिचं नाव प्रेक्षकाला मध्यंतरापर्यंतही आठवत नाही, मग सूड कुणासाठी चाललाय? जी व्यक्ती जाणार आहे तिला एक अपुरं राहिलेलं काम द्या: अर्धवट बांधलेली खोली, भरायचा हप्ता, कुणाशी तरी धरलेला अबोला. पुढे नायकाला ते काम निस्तरावं लागलं की फोटोकडे बघून रडायचे प्रसंग लिहावे लागत नाहीत.

खून दाखवायचा कसा, हे शिकायला जॉर्ज मिलर यांचा १९७९ चा 'मॅड मॅक्स' बघा. साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास बनलेला चित्रपट. नायकाच्या बायको-मुलावर टोळी मोटरसायकली घालते, आणि पडद्यावर दिसतो रस्त्यावर घरंगळत आलेला चेंडू आणि लहानसा बूट. मेकअप नाही, रक्त नाही, डमी नाही. शिवाय हे घडतं चित्रपट संपत आल्यावर. मॅक्सचा सूड शेवटच्या वीसेक मिनिटांत आटोपतो. म्हणजे पहिल्या १५ मिनिटांचा नियम मोडताही येतो, पण मधला वेळ भरायला तुमच्याकडे तसा दरारा असलेली टोळी हवी. ती नसेल तर नियम पाळा.

दुसरा दोष म्हणजे नायक पहिल्या मिनिटापासूनच उस्ताद असतो. तसा नायक महागात पडतो, कारण उस्तादी दाखवायला कसलेला नट आणि कसलेला फाइट मास्टर दोन्ही लागतात. अडाणी नायक स्वस्त पडतो आणि जास्त धरून ठेवतो. लोकवर्गणीचा हातभार घेऊन बनलेल्या 'ब्लू रुइन' या २०१३ च्या अमेरिकन सूडपटात नायक पिस्तूल चोरतो, तर त्याच्या घोड्याला (ट्रिगरला) कुलूप निघतं आणि ते त्याला उघडता येत नाही. शेवटी सुऱ्यावर भागवावं लागतं. त्या प्रसंगाला एक नकली पिस्तूल आणि एक कुलूप लागलं असेल, आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो मात्र लाखाचा.

तिसरा दोष यादीचा. चार जणांना मारायचंय, मग चार वेळा तेच: शोध, गाठ, संवाद, खून. दुसऱ्याच माणसापाशी प्रेक्षक मोबाइल काढतो. प्रत्येक गाठीत नायकाने काहीतरी गमावलं पाहिजे. पहिल्यात हाताची दोन बोटं निकामी होऊ द्या आणि पुढच्या सगळ्या मारामाऱ्या तशाच हाताने होऊ द्या. दुसऱ्यात चुकीचा माणूस मरू द्या. यात खर्च फक्त बँडेजचा आहे. पण मारामारी क्रमांक तीन आधी शूट झाली तर बँडेज कुठल्या हातावर होतं याची नोंद ठेवणारा माणूस हवा. सहाय्यकाने प्रत्येक शॉटनंतर जखमांचे फोटो काढायचे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

ठोसा

खोटा ठोसा दिसतो तो कॅमेरा चुकीच्या जागी असल्यामुळे. मारणारा आणि मार खाणारा यांच्याकडे बाजूने, काटकोनातून पाहिलं की मूठ आणि गाल यांच्यातली फट उघडी पडते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या डोक्यामागे न्या, म्हणजे कॅमेरा, मूठ आणि चेहरा एका रेषेत येतील. लेन्स ५० ते ८५ मिमी. लांब लेन्सने अंतर दबतं आणि वीतभर दुरून गेलेली मूठही लागल्यासारखी दिसते. २४ मिमीवर तीच मूठ हवेत फिरताना दिसेल. मूठ सरळ पुढे न जाता चेहऱ्यासमोरून आडवी जायला हवी.

ठोसा विकला जातो तो खाणाऱ्यामुळे. त्याची मान मूठ ज्या दिशेने जाते त्याच दिशेला, मूठ समोरून जाते त्याच क्षणी वळली पाहिजे. नवखे नट आधीच मान फिरवतात, कारण ते ठोशाची वाट बघत असतात. यावर एकच उपाय, सराव: शूटिंगआधी किमान चार दिवस, रोज दोन-तीन तास. मारामारी तीन ते पाच चालींच्या तुकड्यांत बांधा. एक तुकडा आधी निम्म्या वेगाने, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक तुकडा मोबाइलवर चित्रित करून तिथल्या तिथे जोडून बघा. तीच तुमची शॉटची यादी होते.

वेग कमी वाटला तर सेकंदाला २२ फ्रेमवर शूट करून २४ वर चालवा. हालचाल ९ टक्क्यांनी वाढते आणि डोळ्याला कळत नाही. २० च्या खाली गेलात की केस आणि सदऱ्याची टोकं चुगली करतात. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर घट्ट ठेवा. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाऐवजी कोनाच्या हिशेबावर, म्हणजे १८० अंशांवर असेल तर फ्रेमचा वेग बदलताच शटरही बदलतं आणि गोदामातला सगळा प्रसंग फडफडायला लागतो. हे जागेवर छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, एडिटला दिसतं.

पडण्याचं सांगायचं तर, उभ्या माणसाने खाली पडणं नट करू शकतो: गुडघे-कोपरांना कपड्याखाली पॅड, खाली जाड फोमची गादी, गादी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. जिन्यावरून गडगडणं, गच्चीवरून उडी, चालत्या गाडीवर आदळणं ही कामं स्टंट कलाकाराचीच. पैसे नसतील तर तो शॉट लिहू नका. माणूस कठड्यावरून चौकटीबाहेर जातो, आवाज येतो, आणि पुढच्या शॉटमध्ये तो खाली पडलेला असतो. यावर कुणी तक्रार करत नाही.

हत्यारं

बंदूक टाळा. ती स्वस्तात स्वस्तच दिसते, शिवाय प्रत्येक गोळीला ठिणगी, झटका, रिकामं काडतूस आणि आवाज अशी चार कामं वाढतात. लागलीच तर न चालणारी नकली घ्या आणि नळीची ठिणगी नंतर टाका: एकच फ्रेम, आणि त्याच फ्रेममध्ये चेहऱ्यावर उजेड. इंडोनेशियात बनलेल्या 'द रेड'मध्ये (२०११) एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छऱ्यांच्या खेळण्यातल्या) बंदुका वापरून ठिणग्या संगणकावर घातल्या होत्या, आणि तो चित्रपट बंदुकींच्या बाबतीत लेचापेचा आहे असं कुणी म्हणत नाही. खऱ्या बंदुकीचा मोह तर नकोच. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट'च्या सेटवर, रिकामं समजलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला.

आपल्या गोष्टींना कोयता, गज, लाठी शोभतात. कोयता तीन प्रकारांत करून घ्या. क्लोजअपसाठी खरा, पण धार पूर्ण घासून बोथट केलेला. दुरून दिसण्यासाठी लाकडी, वर चंदेरी स्प्रे. अंगाला लागणार असेल तिथे फोम किंवा रबराचा. तिन्हींच्या मुठीला सारखीच सुतळी गुंडाळा, डोळा तिथेच फसतो. क्लोजअपचा शॉट झाला की खरा कोयता लगेच पेटीत आणि पेटीला कुलूप. आणि पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या इतक्या झाल्यात की रस्त्यावर रबरी कोयता दिसला तरी लोक पोलिसांना फोन करतील. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, पत्राची प्रत खिशात ठेवा आणि हत्यारं झाकूनच न्या.

रक्त

केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. २५० मिली ग्लुकोजला ५० ते ६० मिली कोमट पाणी, दोन छोटे चमचे लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको पावडर, निळ्या खाद्यरंगाचा एक थेंब. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं पारदर्शक दिसतं. निळा नसेल तर केशरी. सुकलेल्या रक्तासाठी कोको दुप्पट. कपड्यावरच्या रक्तात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकले तर डाग थोडा सोपा निघतो, पण तोंडातल्या रक्तासाठी वेगळी बाटली भरा आणि त्यावर ठळक लिहा.

खाद्यरंग कातडीवर दिवसभर टिकतो. म्हणून कोऱ्या चेहऱ्याचे सगळे शॉट आधी घ्या आणि रक्त लावण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. प्रत्येक मारामारीला सदऱ्याचे किमान तीन जोड हवेत, पांढरा असेल तर पाच; त्यापेक्षा पांढरा घालूच नका, गडद खाकी किंवा मातकट घाला. मिश्रण गोड असल्यामुळे उघड्यावर मुंग्या आणि माशा येतात, आणि मेलेला माणूस माशी हाकलतो.

साखरेची काच फोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पाक १५० अंशांपर्यंत नेऊन ती बनते, पण दमट हवेत चिकट होते, पावसाळ्यात कोकणात तर तासाभरात वाकते. खरी काच कधीच नाही. काच आवाजात फोडा.

आवाज आणि एडिट

मारामारीचे निम्मे पैसे आवाजात वसूल होतात. ओला टॉवेल फरशीवर आपटला की ठोशाचं मांस मिळतं, जाड जॅकेटवर चापट मारली की त्याचं कातडं. भोसकण्यासाठी कोबीचा गड्डा, हाड मोडायला फडक्यात गुंडाळलेली गाजरं. प्रत्येक फटक्याला तीन थर द्या: खालचा दबका धप्प, मधली चापट, वर कपड्याची सळसळ. इंटरनेटवरून उतरवलेला एकच 'ढिशूम' बारा वेळा वापरला की प्रेक्षक हसतो. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करून आणा, नाहीतर दोन फटक्यांमध्ये भोक पडतं.

एडिट करताना फटका बसतो तिथे दोन-तीन फ्रेम उडवा आणि मान फिरू लागली असेल तिथून पुढचा शॉट सुरू करा. कॅमेरा दोघांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला राहिला असेल तरच हे जुळतं. फटका लागल्यानंतरचा शॉट मात्र लवकर कापू नका. दम लागलेला चेहरा दीड-दोन सेकंद राहू द्या. दुखतंय हे कळायला तेवढा वेळ लागतोच. सतत अर्ध्या सेकंदाचे तुकडे पाडणं ही शैली नसून झाकाझाक असते.

७,००० डॉलरमध्ये शूट झालेल्या 'एल मारियाची' या चित्रपटाचा (१९९२) दाखला इथे हमखास दिला जातो. त्यातले भराभर कट बऱ्याच अंशी नाइलाजाचे होते: आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला, ओठ जुळेनासे झाले की दिग्दर्शक दुसऱ्याच शॉटवर जायचा. आणि ती रक्कम थिएटरात लागलेल्या प्रिंटची नव्हे. स्टुडिओने नंतर आवाज आणि प्रिंटवर त्याहून कितीतरी पट जास्त खर्च केला.

कागदपत्रं

कुत्र्याच्या खुनावरून सूड पेटवायचा विचार असेल तर थांबा. चित्रपटात कुठलाही प्राणी वापरण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर ना-हरकत लागते. यात आठवडे जातात. सेन्सॉर प्रमाणपत्राचंही लिहितानाच ठरवा. २०२४ च्या नियमांनंतर 'यूए'मध्ये (मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली) ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आहेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीवर दाखवता येत नाही आणि छोट्या निर्मात्याची वसुलीची एक वाट बंद होते. म्हणून गळा चिरण्यासारख्या दोन-तीन शॉटना पर्यायी शॉट त्याच दिवशी, त्याच उजेडात घेऊन ठेवा: हत्यार वर जातं, आणि खाली येताना दिसतो तो फक्त मारणाऱ्याचा चेहरा.