शिफ्टवाल्यांनी सवय कशी लावायची

पहाटे पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा असं सांगणारे जे असतात ना त्यांना एकदा नाशिकच्या सातपूरला कारखान्यात महिनाभर कामाला पाठवलं पाहिजे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. पहाटे पाचला मी कधी उठत असतो, कधी घोरत असतो तर कधी मशीनपुढे उभा असतो, मग पाचची सवय लागणार कुठून? तरी मी कितीतरी वर्षं हेच केलं, 1 जानेवारीला नाहीतर पाडव्याला मुहूर्त, पुढच्या सोमवारी शिफ्ट बदलली की खल्लास, अन् मग स्वतःलाच शिव्या, आपण आळशीच, आपल्याच्यानं काय होत नाय.

डोक्यात उजेड पडला तो कामावरच. एक पार्ट फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर पार्ट पकडायच्या साच्यात, उलटा बसायचा अन् रिजेक्शन यायचं. सुपरवायझर रोज ओरडायचा लक्ष द्या, लक्ष द्या, बोर्ड पण लावला, दोन दिवस बरं चाललं की परत तेच. शेवटी टूलरूमवाल्याने फिक्स्चरला एक छोटी पिन ठोकली. आता पार्ट उलटा बसतच नाही, लक्ष असो नसो.

याला पोका-योके म्हणतात, ऑटोच्या, म्हणजे गाड्यांच्या, लाईनवर असाल तर ट्रेनिंगमध्ये झोपेत का होईना ऐकलं असेल. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने 1960 च्या दशकात ही पद्धत रुजवली. गंमत म्हणजे तिचं आधीचं नाव बाका-योके, अन् बाका म्हणजे मूर्ख. ते कामगाराला लागलं, आम्ही काय मूर्ख आहोत का, म्हणून शिंगोंनी शब्द बदलून पोका केला, म्हणजे नकळत होणारी चूक. मला ही नावाची गोष्ट पिनेपेक्षा जास्त कामाची वाटते. कारण 'मी आळशी' म्हटलं की तपासच संपला, आळशी माणसाचं काय करणार? 'चूक नेमकी कुठे होते' असं विचारलं की मग बघायला काहीतरी सापडतं. माइंडसेट बदला म्हणतात तो माझ्यापुरता तरी एवढाच.

तर आधी एकच सवय घ्या, अन् पहिला आठवडा काहीच बदलू नका, नुसतं बघा गाडी अडते कुठे. माझं चालणं होत नव्हतं. मला वाटायचं चालायचा कंटाळा येतो, पण बघितलं तर चालण्यापर्यंत मी पोचतच नव्हतो. पंचवटीत घरी यायचं, बूट काढायचे, सोफ्यावर टेकायचं, मोबाईल हातात, झाला तास. एकदा निघालेले बूट परत चढत नाहीत भाऊ, हे लिहून घ्या.

मग सवय घड्याळाला बांधायची नाही, घटनेला बांधायची, शिफ्टवाल्यासाठी हाच खरा मुद्दा आहे. पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1990 च्या दशकात यावर बरंच काम केलं, नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी ठरवलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते. माझं वाक्य असं झालं: गोल्फ क्लब आला की गाडी आत वळते. त्र्यंबक रोडने येता-जाता ते मैदान लागतंच. फर्स्ट सुटली की संध्याकाळी, नाईट सुटली की सकाळी आजोबा लोकांच्या गर्दीत, अन् सेकंडच्या आठवड्यात रात्री उशीर होतो म्हणून जातानाच. वेळ तीन वेगवेगळ्या, वळण एकच. अन् सुरुवातीला फक्त एक राऊंड, वाटलं तर दुसरा, नाहीतर घरी. एक राऊंड मारायला लाज वाटायची हेही खरं.

त्यानंतर पिन ठोकायची. चालायचे बूट कायम डिकीत, म्हणजे 'विसरलो' हा शब्दच गेला. मोबाईलचा चार्जर बेडजवळून काढून किचनमध्ये फ्रीजच्या वर, अन् उठायला एक साधं गजराचं घड्याळ आणलं. बायको म्हणे यासाठी इतकी वर्षं लागली का तुम्हाला. लागली. मिसळ मात्र सोडली नाही, सोडणारही नाही, फक्त एक्स्ट्रा पाव मागवताना हात खाली ठेवतो, तेवढं पुरे.

आता दिवस किती लागतात. 21 दिवस हे सगळ्यांना पाठ आहे, ते आलं अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून, 1960 मध्ये त्याने लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस जातात. 'कमीत कमी' कधी गळलं देव जाणे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो मानसशास्त्राच्या एका जर्नलच्या 2010 च्या अंकात छापून आला, त्यात साधारण 66 दिवस निघाले, कुणाचे 18 तर कुणाचे 254 पर्यंत, अन् मधला एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही हेही दिसलं. म्हणून डबल ड्यूटी पडली, पाऊस धो-धो आला, गेला दिवस तर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी वळण घ्या.

मधल्या काळात काही दिसत नाही तेव्हा सासुरवाडीची द्राक्षबाग आठवतो, दिंडोरीकडे. एप्रिलची खरड छाटणी झाली की नुसती काडी अन् पानं, नवख्याला वाटेल फुकटचं पाणी घालतायत. पण घड तेव्हाच काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कळीच्या, आत धरत असतो, दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. मला 70-75 दिवसांनी एकदा कळलं की गाडी वळली अन् मी ठरवलंच नव्हतं.

सध्या तिसऱ्या कपाच्या चहावर काम चालू आहे. पिन कुठे ठोकायची ते अजून सापडत नाही, कारण चहावाला नेमका गेटवरच उभा असतो अन् मी दिसलो की विचारायच्या आधीच ओततो.