विमानाच्या पंखाच्या गणितावरून पवनचक्कीचे पाते कसे आखावे

दोन मीटर व्यासाच्या, तीन पात्यांच्या लहान पवनचक्कीचे पाते स्वतः घडवायचे असेल, तर विमानाचा पंख ज्या गणिताने आखला जातो तेच गणित वापरावे. कारण पाते हा अक्षाभोवती फिरणारा पंखच असतो आणि त्याला फिरवणारे बल हे मुख्यतः उत्थापक बल (लिफ्ट), म्हणजे वाहत्या हवेच्या दिशेला काटकोनात लागणारे बल असते.

सुरुवात वाऱ्यात असलेल्या ऊर्जेपासून करावी. हवेची घनता, चक्कीने व्यापलेले क्षेत्रफळ आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराचे निम्मे केले की वाऱ्यातील शक्ती मिळते. आपल्या चक्कीसाठी सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात ती सुमारे ९८५ वॅट भरते. वारा निम्म्यावर आला की शक्ती एक अष्टमांश होते, म्हणून जागेची निवड पात्याच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची ठरते. साताऱ्यातील वनकुसवडे पठारासारख्या उंच जागी हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते, तेवढी घट धरावी. ग्योटिंगेन येथे विमानपंखांच्या वायुगतिकीवर काम करणारे आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की यातील ५९.३ टक्क्यांपेक्षा अधिक शक्ती कोणतीही चक्की काढू शकत नाही. लहान चक्कीकडून प्रत्यक्षात तीस-पस्तीस टक्के मिळाले तरी काम चांगले झाले असे समजावे.

पुढचा निर्णय पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट ठेवायचा, हा आहे. तीन पात्यांना सहा पट मानवते. म्हणजे टोक सेकंदाला ४८ मीटर वेगाने जाईल आणि चक्की मिनिटाला सुमारे ४५८ फेरे घेईल.

आता पात्याचा पीळ काढावा. माझ्या मते साऱ्या कामाचा गाभा हाच आहे. विमानाच्या पंखावर वारा जवळपास एकाच दिशेने येतो, पण पात्याचे टोक वेगाने आणि मूळ सावकाश फिरत असल्यामुळे पात्याला जाणवणारा वारा प्रत्येक त्रिज्येवर वेगळ्या कोनातून येतो. त्या त्रिज्येवरील पात्याचा वेग वाऱ्याच्या किती पट आहे ते काढावे, १ ला त्या संख्येने भागून आलेले उत्तर ज्या कोनाचा टॅन असेल तो कोन घ्यावा आणि त्याचे दोन तृतीयांश करावेत. हा प्रवाहकोन झाला. टोकाशी तो ६.३, निम्म्या त्रिज्येवर १२.३ आणि पाव त्रिज्येवर २२.५ अंश येतो. नाका (NACA) ४४१२ या जुन्या, भरवशाच्या एअरफॉइलला, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराला, ५ अंशांच्या आसपास ओढीच्या (हवेच्या अडथळ्याच्या) मानाने भरपूर उत्थापक बल मिळते, म्हणून ते ५ अंश वजा करावेत. फिरण्याच्या प्रतलापासून पाते टोकाशी १.३, मध्यावर ७.३ आणि पाव त्रिज्येवर १७.५ अंश वळवावे लागते.

रुंदीसाठी ८, पाय (π) आणि त्या ठिकाणची त्रिज्या यांचा गुणाकार पात्यांची संख्या आणि उत्थापन-गुणांक (एअरफॉइल किती उत्थापक बल देते ते सांगणारी संख्या) यांच्या गुणाकाराने भागावा, मग १ मधून प्रवाहकोनाचा कोसाइन वजा करून येणाऱ्या संख्येने गुणावे. उत्थापन-गुणांक १ धरल्यास टोकाशी ५.१, मध्यावर ९.६ आणि पाव त्रिज्येवर १५.९ सेंटिमीटर रुंदी येते. मुळाकडची रुंदी लाकडाच्या सोयीप्रमाणे कमी केली तरी चालते, कारण आतला पाव भाग एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम सहा टक्केच व्यापतो; बाहेरच्या निम्म्या भागात मात्र तडजोड करू नये.

एक फरक विसरू नये. इतक्या अरुंद पात्यावर रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे हवेच्या जडत्वाचे तिच्या चिकटपणाशी असलेले प्रमाण, दीड लाखाच्या आसपास राहते, तर प्रवासी विमानांच्या पंखांवर ती कोटींमध्ये असते. त्यामुळे मोठ्या विमानांसाठी बनवलेले एअरफॉइल येथे उचलून वापरणे योग्य नाही. इलिनॉय विद्यापीठात लहान पवनचक्क्यांसाठीच आखलेले एसजी ६०४३ पाहावे आणि एक्सफॉइल या मोफत संगणकप्रणालीत दीड लाखाच्या संख्येवर दोन्ही आकार तपासावेत.

जनित्र पात्याला साजेसे हवे. ते फार जड पडले आणि टोकाचा वेग सहा पटींवरून तीन पटींवर आला, तर पात्याच्या मध्यावर वाऱ्याशी होणारा कोन १५ अंशांच्या पुढे जातो, प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि विमानाच्या पंखासारखेच पाते स्टॉल होते, म्हणजे त्याचे उत्थापक बल ढासळते. चांगले घडवलेले पाते निष्प्रभ वाटते तेव्हा आधी हीच शंका घ्यावी.

उलट, जनित्रावर भार नसताना चक्की कधीही मोकळी सोडू नये. अर्धा किलो वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटरवर असेल, तर ४५८ फेऱ्यांना ते मुळाशी सुमारे ४७ किलो वजनाइतक्या बलाने ओढते, आणि फेरे दुप्पट झाले की हे बल चौपट होते. म्हणून मुळाचे बोल्ट आणि लाकडाचे तंतू या चौपट बलासाठी तपासावेत, तिन्ही पात्यांचे वजन व गुरुत्वमध्य जुळवून घ्यावेत, आणि जोराच्या वाऱ्यात चक्कीचे तोंड आपोआप बाजूला वळवणारे घडीचे शेपूट बसवल्यावरच ती मनोऱ्यावर चढवावी.