ऑफिसच्या ग्रुप्सची टिंग-टिंग कशी आवरायची

आधी ग्रुप म्यूट करा, आणि ८ तास नाही, थेट 'ऑलवेज'वर टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुरू. घाबरू नका, व्हॉट्सॲपवर ग्रुप म्यूट असला तरी कोणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला की कळतं. म्हणूनच टीमला एकदा नीट सांगून ठेवा की माझं काम असेल तर टॅग करा, आणि खरंच अर्जंट असेल तर सरळ फोन लावा. माझ्या मते सेटिंगपेक्षा हे सांगणं जास्त महत्त्वाचं, कारण उत्तर येत नाही म्हटलं की लोक तोच मेसेज परत परत टाकतात, आणि साहेबांना तर आधीच कल्पना दिलेली बरी.

स्लॅक हे ऑफिसचं चॅट ॲप वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये नोटिफिकेशनचं शेड्यूल लावता येतं, म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ७ सोडून बाकी वेळ आपोआप शांतता. तिथेच कीवर्डमध्ये तुमच्या क्लायंटचं नाव टाका, ते नाव कोणी लिहिलं की वाजेल, ही सोय फारच कामाची आहे आणि बऱ्याच जणांना माहीतच नसते.

आता आपल्या बाजूने. 'नोटेड सर', 'ओके सर' चाळीस जणांनी टाइप केलं की चाळीस फोन चाळीसदा वाजतात हो! त्याऐवजी मेसेज दाबून धरा आणि अंगठा द्या. रिॲक्शनचे नोटिफिकेशनही व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून वेगळे बंद करता येतात, तेही करून टाका.