पिक्सेल पट्टीचं टोक लालसर पडतंय? सप्लाय असा द्या

महालक्ष्म्यांच्या आराशीला पिक्सेल पट्टी (जिच्यातल्या प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येतो ती) लावली की सुरुवातीला पांढरंशुभ्र आणि टोकाला लालसर, हे ठरलेलं. मग कोणीतरी सांगतंच, ‘मोठ्या अँपिअरचा सप्लाय घे.’ ऐकू नका. ६० अँपिअरचा आणला तरी पट्टीतलं तांबं तेवढंच पातळ. धरण भरलेलं असून टेलच्या शेतात पाणी नाही, तशातली गत. निळ्या-हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालचं २ वर भागतं. व्होल्टेज पडलं की लालच उरतो.

हिशोब सोपा. ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी पूर्ण पांढऱ्यावर पिक्सेलमागे ६० मिलिअँपिअर ओढते. ३०० पिक्सेलला १८ अँपिअर. ३० अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा सप्लाय) पुरे. त्यातून पट्टीच्या दोन्ही टोकांना प्लस-मायनस वायरींची वेगवेगळी जोडी न्या, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, शक्यतो दोन मीटरच्या आत. प्रत्येक प्लसला सप्लायजवळ १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज नको म्हणणाऱ्याला आराशीजवळ फिरकू देऊ नका.

खरी गोची दोन सप्लाय लागतात तिथं. दोघांचे प्लस एकमेकांना कधीच जोडायचे नाहीत. व्होल्टेजमध्ये किंचित फरक असला तरी एकावरच लोड येतो, आणि एक बंद पडला तर दुसरा त्या पातळ तांब्यातून सगळी पट्टी ओढू पाहतो. म्हणून एका सप्लायचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो त्या हद्दीवर प्लस तोडायचा. ग्राउंड (म्हणजे मायनस) आणि डेटा (पिक्सेलना रंग सांगणारी तार) मात्र सलग. ग्राउंड सुटला की पट्टी वेड्यासारखी लुकलुकते आणि लोक उगाच कंट्रोलर बदलत बसतात.

प्लस ब्लेडनं खरवडू नका. बऱ्याच पट्ट्यांना मागूनही तांबं असतं. वरून तुटलेलं दिसतं, आतून जोडलेलंच. कात्रीच्या खुणेवर पट्टी पूर्ण कापा आणि फक्त ग्राउंड-डेटाला छोट्या वायरींनी डाग (सोल्डर) द्या. मग सप्लाय बंद ठेवून दोन्हीकडच्या प्लसवर मल्टीमीटर बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवून धरा. क्षणभर बीप झाली तर हरकत नाही, सलग वाजली तर प्लस कुठंतरी चिकटलाय.

तपासणी पूर्ण पांढऱ्यावरच करा. सप्लायपासून सगळ्यात लांबच्या पिक्सेलवर ४.५ व्होल्टच्या वर हवेत. कमी भरले तर मध्यावर आणखी एक जोडी. अर्ध्या तासानं सप्लाय बंद करून प्रत्येक जोडाला बोट लावा; जो गरम लागेल त्याचा डाग काढून नव्यानं द्या. आणि एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलवर झाकण लावा, लेकरं आराशीखाली शिरतातच.