ऑपेराला जाताय? आधी मध्यंतरं बघा

तिकीट काढायच्या आधी, कपड्यांचा विचार करायच्या आधी, कथा वाचायच्याही आधी चार आकडे शोधून लिहून ठेवा: प्रयोग किती वाजता सुरू होतो, मध्यंतरं किती, प्रत्येक भाग किती मिनिटांचा आणि शेवट किती वाजता. ऑपेरा हाउसच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगाच्या पानावर हे दिलेलं असतं, बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरांत. नाही सापडलं तर तिकीट कार्यालयाला विचारा. दुसरीकडे कुठेतरी वाचलेला 'या ऑपेराचा कालावधी' धरून चालू नका, कारण मध्यंतर कुठे घ्यायचं हे प्रत्येक निर्मितीत वेगळं ठरतं. 'ला बोएम'चे अंक चार. काही ठिकाणी त्यात एकच मध्यंतर असतं, काही ठिकाणी दोन. 'फ्लाइंग डचमन' एके ठिकाणी अंक पाडून करतात, तर दुसरीकडे सव्वादोन तास सलग.

एवढा आग्रह कशासाठी? दिवे मंदावले की दारं बंद होतात आणि तुमच्या हातात कितीही महागडं तिकीट असलं तरी उघडत नाहीत. गायक माइकशिवाय गातात. साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदावरून त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो तो प्रेक्षागृह शांत असतं म्हणून. त्यामुळे उशिरा आलेल्याला थेट मध्यंतरात आत सोडतात. फार तर संगीतात एखादी सोयीची जागा आली की मागे उभं करतात. आता ज्या ऑपेराला मध्यंतरच नाही तिथे काय होईल ते बघा. 'सालोमे' आणि 'एलेक्ट्रा' पावणेदोन तासांच्या आसपास सलग चालतात, 'वोत्सेक' बहुधा दीड तास सलग, 'दास राइनगोल्ड' अडीच तास सलग. पाच मिनिटं उशीर झाला तर अख्खी संध्याकाळ गेली. बाहेर पडदा असलाच तर त्यावर प्रयोग बघायला मिळतो, आणि पैसे परत मिळत नाहीत.

उलट बाजूनेही हेच लागू आहे: मधेच बाहेर पडलात तर परत आत येण्याची खात्री नाही. 'गॉटरडॅमरुंग'मध्ये प्रस्तावना आणि पहिला अंक मिळून सुमारे दोन तास एका दमात होतात, 'पार्सिफाल'चा पहिला अंक पावणेदोन तासांच्या घरात जातो. प्रयोगाआधीच्या शेवटच्या तासाभरात पाणी बेतानेच प्या, आणि आत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या, गरज वाटत नसली तरी.

सुरुवातीची वेळही गृहीत धरू नका. ज्या ऑपेरा हाउसचे प्रयोग एरवी सात-साडेसातला असतात, तिथेच जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराचा पाच-साडेपाच तासांचा प्रयोग चार-पाच वाजता सुरू होतो. तिकिटावरची वेळ परत एकदा वाचा. जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात साधारणपणे चारची वेळ असते, 'राइनगोल्ड'ची सहाची, आणि मध्यंतरं तासाभराची. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या महोत्सवात बहुधा एकच पण दीड तासाचं लांब मध्यंतर असतं, लोक हिरवळीवर बसून जेवतात. म्हणजे नुसतं संगीत किती तासांचं हे माहीत असून भागत नाही. मध्यंतरं धरून बेरीज करा आणि मगच परतीची गाडी ठरवा.

आता तिकीट. ऑपेरा हाउसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा; शोधात सगळ्यात वर येणारी पुनर्विक्रीची दुकानं कितीतरी पट पैसे लावतात आणि कधी कधी तिकीट खरंच नसतं. जुन्या प्रेक्षागृहांची रचना घोड्याच्या नालासारखी असते, त्यामुळे बाजूच्या बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या छोट्या कक्षात, पुढच्या खुर्च्यांवरूनच नीट दिसतं. मागच्या रांगेतून रंगमंचाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त कापला जातो, आणि नेमकी त्याच कोपऱ्यात नायिका मरते. 'अंशतः दिसणारी जागा' असं लिहिलेलं असेल तर ते गांभीर्यानं घ्या. आवाजाच्या दृष्टीने मात्र वरच्या गॅलरीची मधली जागा बहुतेकदा उत्तम असते, आणि स्वस्तही. तळमजल्यावर अगदी मागे, वरच्या बाल्कनीच्या छताखाली बसलात तर आवाज दबतो. शिवाय रंगमंचाच्या वर भाषांतराची जी पट्टी उमटते ती त्या छतामुळे दिसतच नाही. पहिल्या दोन-तीन रांगांतून ती बघायला मान मोडेपर्यंत वर करावी लागते. व्हिएन्ना स्टेट ऑपेरा आणि न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा इथे प्रत्येक खुर्चीसमोर छोटा पडदा असतो, तिथे ही अडचण नाही. फक्त सुरुवातीलाच भाषा निवडून ठेवा. इतर ठिकाणी पट्टी कोणत्या भाषेत आहे ते आधी बघून ठेवा. जर्मनीतल्या छोट्या शहरात ती फक्त जर्मनमध्ये असू शकते.

व्हिएन्नात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. तिथे आपली जागा मिळाली की कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवायची रीत आहे, म्हणून तो जवळ असू द्या. पायात मऊ बूट हवेत. आणि उभं राहायचं असेल तर ते चार आकडे दुप्पट महत्त्वाचे: 'तोस्का'ला तीन अंकांच्या मधल्या मध्यंतरांत बसायला मिळेल, 'एलेक्ट्रा'ला मिळणार नाही.

कथा आधी वाचा. हे टाळू नका. ऑपेरात एकच वाक्य चार-पाच वेळा गायलं जातं आणि मग महिन्यांचा काळ एका अंकाच्या अंतरात निघून जातो. कथासार माहीत नसेल तर पट्टी वाचता वाचता रंगमंच बघायचा राहून जातो. प्रत्येक अंकाच्या शेवटी कोण कुठे आहे एवढं लक्षात असलं तरी पुरे. 'त्रोवातोरे'सारख्या गुंतागुंतीच्या कथेला वीस मिनिटं द्या, 'सालोमे'ला पाच. संगीत आधी ऐकायचं असेल तर अख्खं ऐकत बसू नका: सुरुवातीचं वाद्यसंगीत, दोन मुख्य आरिया (एकट्या गायकाची गाणी) आणि एखादा मोठा सामूहिक प्रसंग, एवढं दोनदा ऐका. ओळखीची चाल प्रत्यक्षात उभी राहते तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो आनंद चुकवू नये असं मनापासून वाटतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने 'तोस्का', 'कार्मेन' किंवा 'ला त्राविआता' निवडावी. पहिलाच प्रयोग 'पार्सिफाल'चा नको.

कपडे: स्वच्छ आणि नीटनेटके, बस. मिलानच्या ला स्कालात अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा टीशर्ट किंवा रबरी चपला घालून गेलात तर आत सोडत नाहीत. ग्लाइंडबोर्नला लोक औपचारिक पोशाखात येतात. उग्र अत्तर नको. उंच टोपी किंवा उंच केशरचना नको, मागचाही तिकीट काढून आलेला असतो.

दुर्बीण न्या. गॅलरीतून सहा ते आठ पट मोठं दाखवणारी, मधल्या रांगांतून तीन ते पाच पट. आठच्या वर जाऊ नका, हाताचा कंप चित्रात दिसतो. रंगमंच बऱ्याचदा अंधुक असतो, म्हणून फार छोट्या भिंगाची दुर्बीण कामाची नाही. दिवे असतानाच ती डोळ्यांना जुळवून घ्या.

फोन बंद म्हणजे पूर्ण बंद. सायलेंटवर ठेवलेल्या फोनचा गजर तरीही वाजू शकतो, आणि मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हात हलला की उजळतं. घड्याळ काढून खिशात टाका. खोकल्याच्या गोळ्या वेष्टन काढून रुमालात ठेवा. हळूहळू उलगडलेला कागद जास्त वेळ वाजतो.

उघड्यावरचा प्रयोग असेल तर वेगळं बघावं लागतं. इटलीतल्या व्हेरोनाच्या अरेनात, म्हणजे जुन्या रोमन खुल्या प्रेक्षागृहात, प्रयोग रात्री नऊच्या सुमाराला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटते. दगडी पायऱ्या दिवसभर तापलेल्या आणि टणक, म्हणून गादी लागतेच. थंडी रात्री पडते, पातळ जॅकेट न्या. प्रयोग सुरू झाल्यावर पावसाने थांबला तर पैसे परत मिळत नाहीत.

त्या दिवशी पाऊण तास आधी पोहोचा. तपासणी, क्लोकरूम (कोट-बॅगा ठेवायची खोली), जिने, रांगेतल्या सगळ्यांना उठवून आपल्या खुर्चीपर्यंत जाणं, यात अर्धा तास सहज जातो. मोठी बॅग आणि छत्री आत नेता येत नाही. कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी असेल तर वाचा, गायक बदललेला असू शकतो. त्यासाठी पैसे परत मागू नका. आणि दारावरच्या कर्मचाऱ्याला एकदा विचारून घ्या: पहिला भाग किती मिनिटं? मध्यंतर किती वाजता? त्याला बरोबर माहीत असतं, आणि ऐन वेळी बदल झाला असेल तर तोच सांगेल.

मध्यंतरात: आधी स्वच्छतागृह, मग खाणं. खाण्याची मागणी आधी नोंदवता येत असेल तर नोंदवा. घंटा वाजली की निघा, शेवटच्या घंटेची वाट बघू नका. बायरॉइटला पितळी वाद्यांवर पंधरा, दहा आणि पाच मिनिटं आधी खूण देतात. मध्यंतरानंतरही उशीर झालेल्याला आत सोडत नाहीत.

टाळ्या कधी? खात्री नसेल तर इतरांनी सुरुवात केल्यावर. इटालियन ऑपेरात मोठ्या आरियानंतर चालतं. वाग्नरमध्ये मधेच नको. वाद्यवृंदाचा शेवटचा सूर विरू द्या.

शेवटी गायक वंदनाला येतात, दहा मिनिटं जातात. थांबा. गाडी गाठायचीच असेल तर कोट क्लोकरूमला देऊ नका; प्रयोग सुटल्यावर तिथली रांग लांब असते आणि टॅक्सीची त्याहून लांब.